पेराच्या वर, बोटभर

माझं किल्ल्या बनवायचं दुकान आणि त्यांचं माशांचं, मध्ये एक भिंत. भिंत कसली, एका विटेचा आडोसा. त्यांच्याकडचे हवेचे पंप दिवसभर गुरगुरायचे ते मला खुर्चीच्या पाठीतून जाणवायचं, आणि माझं मशीन किल्ली कापायला लागलं की त्यांचे मासे म्हणे तळाशी जाऊन बसायचे. दादा मग भिंतीवर थाप मारायचा. "अहो, जरा दमानं घ्या! इकडे बाळंतीण आहे." म्हणजे कुठलीतरी नखाएवढी गप्पी व्यायला झालेली असायची.

दोघे भाऊ. थोरल्याला सगळेच दादा म्हणत, त्याच्यापेक्षा वयानं मोठी माणसंसुद्धा. पाठचा दीड वर्षानं लहान, त्याला गल्लीत कात्र्या म्हणत. तोंडं अजिबात मिळत नव्हती. दादा गोल, टक्कल पडलेला, हसला की डोळे मिटून जायचे. कात्र्या उंच, हाडकुळा, कान हे एवढे. पण आवाज एकच. डोळे झाकून ऐकलं तर कोण बोलतंय ते आईलाही कळलं नसतं. वहिनी, म्हणजे दादाची बायको, तीसुद्धा फोनवर फसायची. एकदा तिनं दिरालाच दहा मिनिटं झापलं होतं, आणि यानंही सगळं ऐकून घेऊन शेवटी "बरं, सांगतो त्याला" म्हटलं होतं.

कामाची वाटणी अशी की मासे आणि माणसं दादाकडे, झाडं कात्र्याकडे. माशांच्या टाकीत लावतात ती झाडं. दुकानामागच्या खोलीत बारा टाक्या होत्या आणि त्यांत एकही मासा नव्हता, नुसती हिरवाई. कात्र्या सकाळी आला की शर्टाच्या बाह्या खांद्यापर्यंत वर गुंडाळायचा आणि कोपरं बुडवून उभा राहायचा. हातात लांब वाकडी कात्री, दुसऱ्या हातात वीतभर चिमटा.

मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी एकदा विचारलं, "एवढी छान वाढलेली कापता कशाला?" तेव्हा त्यानं मला आत नेऊन दाखवलं. उंच दांड्याची झाडं सोडून दिली की सरळ उजेडाकडे पळतात. वर जाऊन पाण्यावर पसरतात, आणि मग खाली अंधार होतो. खालची पानं पिवळी पडून गळतात, उरतात नुसत्या काड्या. वरून जंगल, खालून झाडूचे खराटे. म्हणून दांडा मधूनच कापायचा, पेराच्या वर बोटभर. त्या पेरातून दोन फुटवे येतात. ते वाढले की तेही कापायचे, मग चार. कापलेले शेंडे फेकायचे नाहीत, ते पुढच्या मातीत खोचले की त्यांनाही मुळं फुटतात. तीन-चार छाटण्या झाल्या की झाड वर पळायचं सोडून देतं आणि दाट होतं, बुंध्यापासून.

"आणि सगळं एकदम कापायचं नाही," तो म्हणाला. "आज निम्मं, आठवड्यानं निम्मं. नाहीतर शेवाळ चढतं."

मी त्याच्याकडून एका वेळी ऐकलेलं हे सगळ्यात लांब भाषण.

दादाला मात्र कापणं बघवायचं नाही. तो पुढच्या खोलीतून यायचा, कडेला साठलेले कापलेले शेंडे बघायचा आणि म्हणायचा, "अरे, जिवंत आहे रे ते."

"म्हणून तर कापतोय," कात्र्या म्हणायचा. "मेलेल्याला कोण कापतं?"

गिऱ्हाइकानं विचारलं तर दादा सरळ सांगायचा, वाढतंय ना, वाढू द्या. गिऱ्हाईक गेलं की कात्र्या कपाळाला हात लावायचा. अशी त्यांची वीस वर्षं गेली.

दादा गेला तो थंडीतल्या एका सकाळी. मी दुकान नुकतंच उघडलं होतं. भिंतीपलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज आला, लाकडी स्टूल पडावं तसा. त्यांच्याकडे दिवसातून चार वेळा काहीतरी पडायचंच, मी लक्ष दिलं नाही. थोड्या वेळानं कात्र्या माझ्या दारात येऊन उभा राहिला. हात कोपरापर्यंत ओले, बोटांवरून पाणी ठिबकत होतं. म्हणाला, "जरा येता का? दादा उठत नाहीये."

दादा गल्ल्याजवळ जमिनीवर होता. हातात मासे धरायची छोटी जाळी. मी गाडी बोलावली. दवाखान्यात डॉक्टरांनी बघितलं आणि सांगितलं की हृदय एकदम थांबलं, पडला तेव्हाच सगळं संपलं होतं, कुणाला काही करता आलं नसतं. कात्र्या ऐकत होता. त्याच्या मनगटावर एक हिरवं पान चिकटलेलं होतं. मला ते काढावंसं वाटत होतं, पण हात पुढे झाला नाही.

तो रडला नाही. वहिनी आली, तीही रडली नाही. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची, काचा घासून चौकटीत बसवायच्या. कामावरचा निळा झगा तसाच अंगात होता. दोघं बाकावर शेजारी शेजारी बसून राहिली, जशी काही आपला नंबर यायची वाट बघताहेत.

चौथ्या दिवशी दुकान उघडलं. आता मासेही कात्र्याकडे आणि माणसंही. तो सगळं करत होता, पण कसं, तर झोपेत चालणाऱ्या माणसासारखं. माशांना दोनदा खायला घातलं जायचं, नाहीतर एकदाही नाही. एक दिवस ड्रॉवरमध्ये बोट सापडलं. नख काळंनिळं झालं, पण याला त्याचा पत्ताच नाही, संध्याकाळी घरी वहिनीनं बघितलं तेव्हा कळलं. घरात तिघंच होती, दादा, वहिनी आणि हा बिनलग्नाचा दीर. आता दोघं. वहिनी दहाव्या दिवशी कामावर गेली. जेवताना बोलणं काय, तर "मीठ द्या" आणि "पाणी". हे मला त्यानंच नंतर सांगितलं. म्हणाला, "दुःख होतंय असं वाटतच नव्हतं हो. दंतवैद्यानं इंजेक्शन दिल्यावर ओठ कसा होतो? आपलाच असतो, पण चावला तरी कळत नाही. तसं सगळं अंग."

मागच्या खोलीतलं काम तेवढं बिनचूक चाललं होतं. तिथं हातच चालायचे, बाकीच्याची गरज नव्हती.

गिऱ्हाइकं यायची आणि विचारायची, "दादा कुठंयत?" मग सांगायचं. मग ते "अरेरे" म्हणणार, कसं झालं विचारणार, वय काय होतं विचारणार. दिवसातून पाच-सहा वेळा. पहिल्या आठवड्यातच त्याचा जीव मेटाकुटीला आला. म्हणून शनिवारी अकराला दुकानाचा फोन वाजला आणि पलीकडून बाईंचा आवाज आला, "दादा ना?" तेव्हा यानं नुसतं "हं" म्हटलं.

त्या नकाशेबाई. जमीन मोजणीच्या कचेरीत जन्मभर हातानं नकाशे काढून निवृत्त झालेल्या, गावाच्या दुसऱ्या टोकाला दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. अकरा वर्षांपूर्वी दादानं त्यांच्या घरी तीन फुटी टाकी बसवून दिली होती. गुडघ्यांमुळे बाईंना जिने जमत नसत, त्यामुळे दुकानात त्या कधीच आल्या नाहीत. दर शनिवारी अकराला फोन मात्र चुकवायच्या नाहीत. पाण्याचं काय, माशांचं काय, आणि मग इकडचं तिकडचं, घरचं, भावाचं. दादाचा तो ठरलेला अर्धा तास.

"आवाज बसलाय तुमचा," बाई म्हणाल्या.

"सर्दी झालीय."

"काळजी घ्या." आणि त्या आपल्या टाकीबद्दल बोलू लागल्या. हा हं हं करत राहिला. फोन ठेवल्यावर त्याला वाटलं, बरं झालं, एकाला तरी सांगावं लागलं नाही.

पुढच्या शनिवारी पुन्हा फोन. या वेळी बाईंनी झाडांचं गाऱ्हाणं काढलं. वर सगळं माजलंय, खाली नुसत्या काड्या, समोरून बघावं तर कुंपणाच्या तारा दिसतात. "तुम्ही म्हणता वाढू द्या, म्हणून मी हात लावत नाही," त्या म्हणाल्या.

कात्र्याच्या तोंडून निघून गेलं, "कापा. निम्म्यातून कापा."

मग बाईंनी विचारलं, "कापू?"

"पेराच्या वर, बोटभर. कात्री धारदार घ्या, दांडा चेंगरला तर सडतो. आधी फिल्टर बंद करा, नाहीतर तुकडे सगळीकडे फिरतील. मागची रांग उंच ठेवा, पुढची खाली."

"थांबा, लिहून घेते," बाई म्हणाल्या.

तिथून ते सुरूच झालं. दर शनिवारी अकराला हा दादा व्हायचा. बाई टाकीचं वर्णन करायच्या ते नकाशा वाचून दाखवल्यासारखं, डाव्या काचेपासून चार बोटं, मागच्या काचेपासून दोन. याला डोळ्यांसमोर सगळं दिसायचं. आता पुढचा डावा कोपरा कापा, आता मधला उंचवटा गोल करा, लाकडाला बांधलेल्या नेच्याची जुनी काळपट पानं मुळापासून काढा. शेंडे खोचताना खालची पानं खुडून टाका. बाईंची टाकी महिन्या-महिन्यानं भरत गेली, सगळी फोनवरून. मी भिंतीपलीकडून ऐकायचो. अख्ख्या आठवड्यात हा माणूस बोलायचा तो तेवढाच. मी काही विचारलं नाही. कुणाच्या कुलुपात न मागता किल्ली घालू नये, हे माझ्या धंद्यातच शिकलेलो.

सात महिने असे गेले. मग बाई न्हाणीघरात घसरल्या आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं.

"दादा, आता तुम्हीच या," त्या म्हणाल्या. "हात प्लास्टरात आहे. मला कात्री धरवत नाही."

अकरा वर्षांपूर्वी दादा त्यांच्या घरी दिवसभर टाकी लावत होता, त्यांनी त्याचं तोंड बघितलेलं. "बघतो," म्हणाला. पुढच्या शनिवारी म्हणाला, दुकानात कुणी नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी म्हणाला, गाडी बिघडलीय. याच्याकडे गाडी नव्हतीच.

तिसऱ्या शनिवारी बाई म्हणाल्या, "झाडं वर पोचलीत. खालचं सगळं पिवळं पडतंय. एवढं केलेलं वाया जाईल हो." आवाजात राग नव्हता, दमलेपण होतं.

त्यानं फोन ठेवला, कात्री आणि चिमटा फडक्यात गुंडाळले आणि माझ्या दारात आला. "दुकानाकडे लक्ष ठेवाल का? दोन तासांत येतो."

तिथं काय झालं ते त्यानं मला एकदम नाही सांगितलं, तुकड्यातुकड्यानं कळलं.

बाईंनी दार उघडलं. ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, गळ्यात प्लास्टरचा हात अडकवलेला. त्यांनी याच्याकडे बघितलं, कानांकडे जरा जास्तच, आणि म्हणाल्या, "या. तुम्ही धाकटे."

तो उंबऱ्यातच उभा राहिला.

"चपला काढा नाहीतर राहू द्या, पण आत या. वारा येतोय."

आत टाकी खिडकीपासून लांब, पुस्तकांच्या कपाटाशेजारी होती. समोर एक खुर्ची. यानं टाकी बघितली आणि क्षणभर बाकी सगळं विसरला. वरचा पसारा सोडला तर खालून ती इतकी दाट होती की मागची काच दिसत नव्हती. यानं सांगितलेलं तसंच्या तसं, बोटाच्या मापानं केलेलं.

"तुम्हाला कधी कळलं?" त्यानं विचारलं.

"दुसऱ्या फोनला. दादांनी अकरा वर्षांत मला एकदाही कापा म्हटलं नव्हतं."

"मग बोलला का नाहीत?"

बाई खुर्चीत बसल्या. "तुम्ही बोलत नव्हतात, म्हटलं मी कशाला बोलू. आणि मी विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतंत. मला ते ऐकायचं नव्हतं." मग, "कधी गेले?"

"थंडीत. तुमच्या त्या पहिल्या फोनच्या आधी आठ दिवस."

त्यांनी मान हलवली. यानं बाह्या वर गुंडाळल्या, फिल्टर बंद केला, हात पाण्यात घातले. निम्मी झाडं कापायची होती. एक ओळ झाली. कापलेले तुकडे वर तरंगायला लागले, ते त्यानं जाळीनं गोळा केले. बाई मागे बसून होत्या. दुसरी ओळ अर्धी झाली आणि याचा हात थांबला. आणि तो, पाण्यातले हात न काढता, काचेकडे तोंड करून बोलायला लागला.

"मी आत होतो. अशीच छाटणी चालली होती. पुढे काहीतरी पडलं. मी ओरडलो, काय पाडलंस रे? उत्तर आलं नाही. मला वाटलं, वाकला असेल. माझी ओळ अर्धी झाली होती. मी ती पूर्ण केली. सावकाश पूर्ण केली. तुकडे गोळा केले. मग गेलो."

"किती वेळ?"

"पाच मिनिटं. सात असतील. डॉक्टर म्हणतात काही फरक पडला नसता."

"खरं सांगत असतील."

"असतील. पण मी ओळ पूर्ण केली."

बाईंनी "तसं मनात आणू नका" वगैरे काही म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, "हे घरी सांगितलंय?"

"नाही."

"तुमच्या वहिनींना सांगा. मी परकी आहे."

मग यानं उरलेली अर्धी ओळ कापली. त्याला वाटलं होतं, बोलून टाकल्यावर छातीवरचं ओझं उतरेल, निदान रडू तरी येईल. तसलं काही झालं नाही. हात गार पडले होते, पाठ भरून आली होती, एवढंच. बाईंनी डाव्या हातानं टॉवेल दिला. निघताना विचारलं, "शनिवारी कुणाला हाक मारू?"

"कात्र्या म्हणतात मला."

"शी," बाई म्हणाल्या. "मी भाऊ म्हणेन."

त्याच दिवशी जेवायच्या आधी त्यानं वहिनीला सांगितलं. ती टेबलाशी बसून आपलाच चष्मा पुसत होती. सगळं सांगून होईपर्यंत ती पुसतच राहिली, एकच काच.

"वहिनी, काहीतरी बोला."

"काय बोलू, भाऊजी?" तिनं चष्मा डोळ्यांवर चढवला. "त्या दिवशी सकाळी मी त्याच्याशी बोललेच नव्हते. आदल्या दिवशी गॅस चालू ठेवून बाहेर गेला होता, म्हणून रागावले होते. जाताना तो म्हणाला, येतो गं. मी वळून बघितलं नाही. हे मी कुणाला सांगितलंय?"

मग तिनं ताटं घेतली. जेवताना, तो म्हणतो, तिनं न मागता त्याच्या ताटात मीठ वाढलं, आणि जास्त वाढलं. त्यानं तसंच खाल्लं.

यानंतर सगळं झटक्यात बदललं असं मी सांगितलं तर ते खोटं होईल. कात्र्या पुढचे कित्येक आठवडे तसाच होता, गप्प, फिक्कट. मासे दोनदा खायचे. पण फोनवर आता तो दादा होत नसे. एका सोमवारपासून वहिनी चष्म्याच्या दुकानातलं काम अर्ध्या दिवसावर आणून इकडे यायला लागली. माणसांशी बोलणं याच्यानं होत नाही हे तिला दिसत होतं. माशांतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्याच दिवशी तिनं एका गिऱ्हाइकाला लढाऊ मासे जोडीनं विकले आणि संध्याकाळी तो माणूस एकच घेऊन परत आला. फोन आला, कुणी दादाला विचारलं, की ती सरळ सांगायची, "ते गेले. मी त्यांची बायको. बोला, काय हवंय?" ऐकणाऱ्याची अरेरे म्हणायची छाती होत नसे.

बाईंचं प्लास्टर निघालं, तरी मनगट पूर्वीसारखं वळत नाही. म्हणून महिन्यातून एकदा कात्र्या जातो. शनिवारचा फोनही चालू आहे. कधी कधी वहिनीच तो घेते आणि मग अर्ध्या तासाचा एक तास होतो.

परवाची गोष्ट. दुपारची वेळ, मी एका जुन्या कपाटाच्या किल्लीवर कानस मारत होतो. भिंतीपलीकडे आवाज चढले. वहिनीला मागच्या खोलीतली एक टाकी पुढे खिडकीत आणायची होती, लोकांना हिरवं दिसेल म्हणून. कात्र्याला ते मान्य नव्हतं.

"खिडकीत ऊन येतं! शेवाळ होईल, वहिनी!"

"पडदा लावू."

"पडदा लावला तर दिसणार काय? पडदा?"

"मग तुम्ही उभे राहा खिडकीत! तुम्ही तरी दिसाल!"

"मी काय विकायला आहे?"

"विकत कोण घेणार आहे! एवढे कान घेऊन कुठं ठेवायचे?"

दादा गेल्यापासून मी त्या दुकानातून एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता. माझ्याकडचं गिऱ्हाईक जरा बावरलं, म्हणालं, "भांडण लागलंय वाटतं शेजारी."

"हो," मी म्हटलं, आणि नीट ऐकू यावं म्हणून कानस खाली ठेवली.